घडीची पोळी आणि सात टेक

राजसला गरिबी हवी होती, आणि अमेरिकेतल्या वेस्ट विंडसरसारख्या सुखवस्तू गावात ती शोधायला त्याला तीन शनिवार लागले.

आठवडाभर तो एका बँकेचं सॉफ्टवेअर सांभाळायचा आणि शनिवार-रविवार दिग्दर्शक असायचा. युद्धानंतरच्या इटलीतले काळे-पांढरे सिनेमे त्यानं इतके पाहिले होते, की गरम सीटच्या गाडीतून उतरतानाही तो खांदे पाडून उतरे. तसाच सिनेमा त्याला इथे काढायचा होता. खरी जागा, खरी कामकरी माणसं, नट एकही नाही. शेवटी दिगंबरशेठच्या इंडियन ग्रोसरीमागच्या किचनमध्ये त्याला शैलजा सापडली. शैलजा हरवलेली नव्हतीच. चौदा वर्षं ती तिथेच तव्यामागे उभी होती.

"मावशी, असल्या सिनेमात सगळे नॉन-प्रोफेशनल घेतात. म्हणून तुम्ही."

शैलजाचं लाटणं थांबलं. "मी नॉन-प्रोफेशनल? अरे, तासाला साठ पोळ्या करते मी. घडीच्या. हव्या तर पदर मोजून घे."

"अ‍ॅक्टिंगमध्ये, मावशी!"

"मग तसं सांग ना. घाबरवलंस."

घाबरायला कारण होतं. पंधरा दिवसांपूर्वी किचनच्या कोपऱ्यात एक मोठा खोका येऊन बसला होता. त्यावर मशीनचं चित्र होतं आणि मशीनच्या तोंडातून रोटी बाहेर येत होती. दिगंबरशेठनी खोका उघडला नव्हता आणि त्याविषयी तोंडही उघडलं नव्हतं. दूध नासलंय हे सांगण्याआधी समोरच्याच्या तब्येतीची चौकशी करणारा माणूस तो. शैलजाला गाडी येत नव्हती, आणि चालत जाता येईल अशी नोकरी त्या गावात तिला ही एकच. नोकरी गेली, तर पार्किंग लॉटपलीकडची तिची भाड्याची खोलीही गेली.

राजसनं आपली गोष्ट त्या खोक्यावरूनच रचली. मशीन येतं, मालक बाईला काढतो, बाई हताश होऊन बसते, संपलं. दिगंबरशेठ स्वतःचीच भूमिका करायला तयार झाले. दुकानाची पाटी तीनदा दिसली पाहिजे, एवढी एकच अट.

शनिवारी साडेअकराला शूटिंग लागलं. बाहेर पोळ्यांच्या ऑर्डरी न्यायला रांग होती. राजसची मैत्रीण देवयानी कॅमेऱ्यामागे उभी राहिली. अ‍ॅक्शन म्हटल्यावर शेठ आत आले, फरशीकडे बघत म्हणाले, "शैलजाताई, उद्यापासून येऊ नका." आवाज अगदी हवा तिथे कापला.

"कट! शेठ, कमाल केलीत!" राजस ओरडला.

"झकास डायलॉग टाकलात हो, शेठ," शैलजा हसली.

शेठ हसले नाहीत. कोरडेच हात रुमालाला पुसत म्हणाले, "डायलॉगच तसा. पण ताई, ते खरंही आहे. सोमवारी मशीन बसवायला टेक्निशियन येतोय. मला वेगळं सांगायला जमेना. म्हटलं, वाक्य तोंडात आहेच, तर..."

तव्यावरची पोळी टम्म फुगली.

"देवयानी, रोल कर!" राजस कुजबुजला. "मावशी, हाच चेहरा! खाली बघा. हताश!"

"राजस, लाज वाटू दे यार," देवयानी म्हणाली.

शैलजानं आधी पोळी उलटली, नाहीतर करपली असती. मग गॅस बंद केला.

"मला नाही आवडला टेक. परत घ्यायचा."

"मावशी, रीटेक दिग्दर्शक मागतो."

"सीन तुझा, नोकरी माझी. रीटेक. आणि इथे नाही, बाहेर काउंटरवर. तिथे माझी माणसं उभी आहेत."

ती हात पुसून बाहेर जाऊन उभी राहिली. कॅमेरा मागोमाग गेला, आणि कॅमेऱ्यामागून शेठ.

"शैलजाताई, उद्यापासून..."

"ऐकू नाही आलं, शेठ. शेवटच्या माणसापर्यंत गेलं पाहिजे."

तिसऱ्या टेकला रांगेतल्या पहिल्या, सुमित्राकाकू, पुढे झाल्या. "काय म्हणतायत गं?"

"कामावरून काढतायत मला, काकू. शूटिंग आहे. म्हणजे काढतायत खरंच, पण शूटिंगही आहे."

"मग आमच्या पोळ्या?"

"मशीनच्या."

"मशीन घडी घालतं का?"

सगळी रांग शेठकडे वळली. मशीन कणकेचा गोळा दाबतं, घडी घालत नाही, हे शेठना खोक्यावरच्या चित्रावरूनही कळलेलं होतं. "सॉफ्ट असतात हो, काकू," ते म्हणाले.

"सॉफ्ट तर टिश्यू पेपरही असतो. भाजीला लावून खाऊ?"

चौथ्या टेकला शेठ म्हणाले, "उद्यापासून जरा उशिरा आलात तरी चालेल." पाचव्याला ते तिचं नाव विसरले. सहाव्याला त्यांनी तिच्या गुडघ्यांची विचारपूस केली. राजस "शेठ, स्क्रिप्ट!" म्हणून किंचाळला, तेव्हा मागून कुणी नागपूरकर म्हणाला, "तू चूप बैस ना भाऊ, पोळ्या होऊ दे."

पोळ्या होतच नव्हत्या, कारण हिरॉइन हाताची घडी घालून काउंटरपाशी उभी होती. तेवीस ऑर्डरी बाकी होत्या. रांग दारातून पार्किंगमध्ये पोचली होती, आणि त्यातले दोघं गाडीत बसून निघून गेलेले शेठनी काचेतून पाहिले होते.

"टेक सेव्हन," देवयानी म्हणाली. तिला आता मजा येऊ लागली होती.

शेठनी फरशी सोडून पहिल्यांदा शैलजाकडे पाहिलं. "शैलजाताई, उद्या... या."

"कट! शेठ, 'येऊ नका'!"

"तू गप रे!" दिगंबरशेठ त्या दिवशी पहिल्यांदाच वरच्या पट्टीत बोलले. "मशीन परत पाठवतो मी. ऐकलंत ना सगळ्यांनी? ताई, आता आत चला, पाया पडतो."

राजस तांदळाच्या पोत्यावर बसला. "मावशी, असा शेवट नसतो हो. असल्या सिनेमातली माणसं शेवटी हरतात."

"त्यांना रीटेक नसेल मिळाला."

शैलजा तव्यापाशी गेली, गॅस पेटवला आणि पिठाचा हात उंड्यावर ठेवून मागे वळली.

"उद्या माझी सुट्टी असते, शेठ. सोमवारी येईन. आणि तो टेक्निशियन आलाच, तर त्याला रिकाम्या हाती पाठवू नका. तो एक्झॉस्ट फॅन बघायला सांगा, वर्षभर बंदच आहे."