पंधरावं नाव

माझ्या विषयाला चौदा नावं झाली होती आणि पंधरावं हवं होतं. संध्याकाळी पाच वाजता फॉर्म बंद. पंधरा झाली तर विषय चालणार, नाहीतर यादीतून कायमचा जाणार, हे आमच्या विभागप्रमुखांनी सकाळी चहा पिता पिता सांगून टाकलं. म्हणाले, सलग तिसरं वर्ष नावं कमी पडतायत मॅडम, अजून किती ओढणार? मी म्हटलं, ओढायचं काम आमच्या घराण्यात आहे, तुम्ही नका काळजी करू. ते हसले. मला काही हसू आलं नाही.

विषय कंपायलरचा. माणसाने लिहिलेला प्रोग्राम यंत्राला कळेल असा उलगडून देणारा दुसरा प्रोग्राम असतो, तो कसा बांधायचा ते यात शिकवतात. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला पोरांनी आपल्या मर्जीने विषय निवडायचे असतात आणि हल्ली सगळ्यांची मर्जी एकाच दिशेला असते. एआय हवं, डेटा सायन्स हवं. घ्या बापड्यांनो, माझं काय जातंय! पण बुंध्याला हात न लावता सगळ्यांना थेट माडाच्या शेंड्यावर जायचंय, याचा मला संताप येतो. पोरं माझ्यामागे मला 'तिखट मॅडम' म्हणतात तेही मला ठाऊक आहे.

साडेचारला विकी लॅबमध्ये आला. देवगडचा पोरगा, घरची आंब्याची कलमं. अभ्यासात मधला, पण डोक्याने भन्नाट. गेल्या वर्षी त्याने स्वतःच एक चिमुकली भाषा बनवली होती. तिच्यात 'जर' आणि 'नायतर' असं मालवणीत लिहिलं की यंत्र ऐकायचं. पहिल्यांदा ती चालली तेव्हा तो लॅबभर नाचला होता आणि मी त्याला ओरडायचं विसरले होते. अशा पोराने माझा विषय नाही घ्यायचा तर कुणी घ्यायचा?

त्याच्या मोबाइलवर फॉर्म उघडा होता. म्हणाला, पुण्याचा भावोजी डेटा सायन्सच घे म्हणतो, त्याच्या कंपनीत पोरं घेतात त्यांना तेच विचारतात. बाबाही तेच म्हणतात. मग मान खाली घालून म्हणाला, "माका तुमचो विषय आवडता. पण तुम्हीच सांगा मॅडम. तुम्ही सांगशात तसा करतंय."

झालं! देवाने ताट वाढून पुढ्यात ठेवलं होतं. एक शब्द टाकायचा अवकाश. आणि शब्द माझ्या जिभेवर आलाही होता, तेवढ्यात मागच्या दारातून मंगेश आत आला. हातात केबलचं वेटोळं, खिशात पकड. मंगेश आमचा लॅब असिस्टंट. तो कोपऱ्यातल्या मशीनखाली वाकून वायर जोडायला लागला. पण त्याची पाठ दिसली आणि माझ्या तोंडातला शब्द तोंडातच राहिला.

कारण तोच शब्द मी एकवीस वर्षांपूर्वी त्याला टाकला होता.

मंगेश आणि मी एका वर्गातले. हेच कॉलेज, हीच लॅब. तेव्हा इथे मोजून बारा मशीन होती, पाठीमागे हे एवढं पोट असलेली. त्यांच्यावर आम्ही रोज संध्याकाळी निळी कापडं पांघरून जायचो. चपला बाहेर काढायच्या. एसी फक्त याच खोलीत, म्हणून मे महिन्यात सगळ्यांना अचानक अभ्यासाचं प्रेम यायचं. बत्ती गेली की लिहिलेलं सगळं जायचं, आणि मग आम्ही कट्टा गावच्या स्टॉपवर एसटीची वाट बघत बसायचो. मंगेश त्याच गावचा. मला पुढे मालवणची गाडी पकडून तारकर्ली गाठायची असायची, आणि माझी गाडी येईपर्यंत तो घरी जायचा नाही. खिशातून भाजलेल्या काजूबिया काढायचा, एक मला, एक त्याला. बोलणं काय, तर प्रोग्राम का चालला नाही. किती सुखाचे दिवस होते, आणि तेव्हा वाटायचं, कधी एकदा संपतात!

शेवटच्या वर्षी बोर्डावर कागद लागला. ज्याला जो विषय हवा त्याने त्याखाली सही करायची. कंपायलरला किमान दहा हवे होते. आम्ही नऊ. मंगेशने नेटवर्किंगखाली सही केली होती, कारण म्हापशात त्याच्या मावसभावाचं केबल जोडणीचं ऑफिस होतं आणि निकाल लागला की तिथे खुर्ची तयार होती. मी त्याला एसटीच्या स्टॉपवर गाठलं.

आमच्या बाबांची, लवू तांडेलांची, तारकर्लीच्या किनाऱ्यावर रापण होती. होडीतून भलंमोठं जाळं समुद्रात अर्धगोल टाकायचं आणि दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून माणसांनी ओढायचे. माणसं कमी पडली की बाबा वाटेने जाणाऱ्यालाही हाक मारायचे, आणि जाणारा मुकाट्याने दोराला हात लावायचा. मंगेशही रविवारी यायचा. त्याच्या हाताला फोड यायचे आणि आई त्याला हसायची. तर मी त्याला म्हटलं, "मेल्या, एक हात कमी पडता म्हणान अख्खी रापण सोडूची?"

तो दुसऱ्या दिवशी गेला, आपली सही खोडली आणि कंपायलरखाली केली. विषय चालला. मला त्यात पहिला वर्ग मिळाला, त्याच जोरावर पुण्याची नोकरी मिळाली. मंगेश त्याच विषयात नापास झाला. निकाल अडकला, म्हापशाची खुर्ची दुसऱ्या कुणाला गेली. दोनदा परत बसला, दोनदा तेच. मग वडील आजारी पडले, अभ्यासक्रम बदलला, आणि त्याची पदवी त्या एका विषयापाशी थांबली ती थांबलीच.

दहा वर्षांपूर्वी मी शिकवायला परत आले तेव्हा याच लॅबच्या दारात तो किल्ल्यांचा जुडगा घेऊन उभा होता. म्हणाला, "या मॅडम." मला हसूच आलं, वाटलं चेष्टा करतोय. पण दहा वर्षं झाली, कुणी असो वा नसो, तो मला मॅडमच म्हणतो. त्या एका शब्दाने माझ्या जिवाला काय होतं ते मलाच माहीत. मी त्याची माफी मागितली नाही. तिखट माणसाला सगळं जमतं, तेवढंच जमत नाही.

आणि एक गोष्ट मी कधी कुणाला सांगितली नव्हती. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात तो एक शंका घेऊन माझ्याकडे आला होता. मी माझ्या अभ्यासात. म्हटलं, उद्या सांगते. ते उद्या काही उजाडलं नाही.

विकी वाट बघत होता. मी त्याला विचारलं, मी या खोलीत नसते, हा विषय कोण शिकवतं ते तुला माहीतही नसतं, तर तू काय भरलं असतंस? पोरगा प्रामाणिक. म्हणाला, डेटा सायन्स. बाबांना या वर्षी कलमं साथ देत नाहीत, नोकरी लवकर हवी.

"मग तेच भर," मी म्हटलं. "आणि तुझी ती भाषा घेऊन कधीही ये. त्याला फॉर्म लागत नाही."

त्याने भरलं. पाच वाजले. चौदाचे पंधरा झाले नाहीत.

पाच मिनिटांत दिव्या धावत आली. सर्वांत पहिलं नाव तिचं होतं. दुसऱ्या वर्षापासून या विषयासाठी माझ्या मागे होती ती. विकी तिला जिन्यात भेटला असणार. म्हणाली, "मॅडम, तुम्ही एक शब्द बोलला असतात तर तो आला असता. आमच्या चार-पाच जणांना तरी हा खरंच शिकायचा होता." डोळ्यांत पाणी, आवाजात राग. मी म्हटलं, चूक माझी आहे, आता घरी जा. ती गेली आणि मी खुर्चीत बसून राहिले. खरं सांगते, मला रडू येत होतं. बाबा गेले, रापणही गेली, त्या जागेवर आता पर्यटकांच्या खुर्च्या मांडतात. किनाऱ्यावरचं होतं ते तिथे संपलं, आणि इथलं मी आज माझ्या हाताने संपवलं.

मंगेश मशीनखालून बाहेर आला. हात पुसत म्हणाला, "पोरग्याक ओढलात नाय."

"एकदा ओढलं होतं एकाला," मी म्हटलं. "त्याचं वाटोळं झालं."

तो पलीकडच्या बाकावर बसला. माझ्यासमोर तो कधी बसत नाही.

"वाटोळा कसला? दोर मी धरलंय. तू हाक मारलंस, येवडाच," तो म्हणाला. 'तू' म्हणाला! "तुझे बापूस काय म्हणत? दोराक हात लावल्यान, तेका वाटो दिल्याशिवाय धाडूचो नाय. माका माझो वाटो मेळूक नाय, येवडीच माझी तक्रार."

बाबांचा तो नियमच होता. कुणी वाटसरू शेवटचे दोन हात ओढायला आला तरी त्याच्या हातात मूठभर पेडवे मासे पडायचेच. मी म्हटलं, मंगेश, कसला वाटा? मी काय देऊ आता तुला?

तो उठला. कोपऱ्यातलं लोखंडी कपाट उघडलं, जुन्या केबलींच्या खालून एक लांबट वही काढली आणि माझ्यापुढे उघडून धरली. कडा वाळवीने खाल्लेल्या. त्याचं ते वळणदार अक्षर, आणि पानाच्या मध्यावर एक प्रश्न. कंपायलर प्रोग्राममधला एकेक शब्द उचलत जातो आणि मध्येच थांबून आधीच्या शब्दांची मोळी बांधतो. प्रश्नाखाली पेन्सिलीने लिहिलं होतं, 'संचिताक विचारूचा'. आणि त्याखाली अर्धं पान कोरं.

"गो संचिता," तो म्हणाला, "कधी उचलूचा नि कधी बांधूचा, ता तेका कळता कसा?"

एकवीस वर्षांनी मला कुणी इथे 'गो' म्हटलं. मी डोळे पुसले, लपवले नाहीत, आणि खडू घेतला. सोपं उदाहरण घेऊन फळ्यावर शब्द मांडले. म्हटलं, "बाबा आठवतत? ते दोर ओढीत नसत. पाण्याकडे बघीत उभे रवत, नि त्येंनी सांगल्यार आम्ही थांबत होतंव. हयसर पण तसाच. फुडलो एक शब्द नुसतो बघूचो, उचलूचो नाय. तो बघून मगे ठरवूचा, बांधूचा काय अजून ओढूचा."

त्याने ते दोनदा म्हणून पाहिलं. मग फळ्यापाशी आला, माझ्या हातातून खडू घेतला आणि पुढचं उदाहरण स्वतः सोडवायला लागला. तिसऱ्या ओळीत चुकला. मी ओरडले. तो हसला आणि पुसून परत लिहिलं.

दारात दिव्या उभी होती, कधी परत आली कोण जाणे. मी तिला आत ये म्हटलं. ती पहिल्या बाकावर बसली. मंगेशने खिशातून पेन काढलं, 'संचिताक विचारूचा' यावर एक रेघ मारली आणि खालच्या कोऱ्या जागेत उत्तर लिहायला घेतलं. जागा पुरली नाही, म्हणून त्याने पान उलटलं.