कटंगीच्या बाजारातला भोंगा

मित्रांनो, कटंगीच्या आठवडी बाजारात कधी आलात, तर कांद्यांच्या ओळीमागच्या बाभळीकडे मान वर करून पाहा. तारेने बांधलेला, एका बाजूने चेपलेला जुना भोंगा दिसेल. तो मी.

नागपूरच्या एका कारखान्यात पत्रा वळवून माझे तोंड घडवले गेले. मला स्वतःचा आवाज नाही. माइकपुढे जो उभा राहतो, त्याचा आवाज मी मोठा करतो. माझे मालक खेमराज यांनी मला आणले, तेव्हा अर्धे गाव मला पाहायला जमले होते. लग्ने, मंडईच्या जत्रेतली नाटके, पंधरा ऑगस्ट, पोलिओच्या डोसाची दवंडी, सगळे मी केले. पण माझे आवडते काम एकच. बाजारात कुणाचे मूल हरवले की खेमराज बाकी सगळे थांबवून आधी त्याचे नाव पुकारत. त्यासाठी त्यांनी कधी कुणाला विचारले नाही.

मग सभा वाढल्या. पिवळ्या दुपट्टेवाल्यांचा एक पक्ष, जांभळ्या दुपट्टेवाल्यांचा दुसरा. दिल्लीतले सरकार बदलले की दोघे एकमेकांची भाषणे बदलून घेत. काल संसद बंद पाडणे पाप होते, ते आज कर्तव्य व्हायचे. मी पत्र्याचा आहे, तरी मला लाज वाटे. त्यांना वाटत नसे.

असेच एक अधिवेशन नुसत्या आरडाओरडीत संपले. काम काहीच झाले नाही. ते कुणामुळे, हे सांगायला दोन्ही पक्ष एकाच बाजाराच्या दिवशी कटंगीत आले. खेमराजांनी दोघांना वेळ वाटून दिली होती. पिवळ्यांनी आपली वेळ संपली तरी माइक सोडला नाही. जांभळे स्टेजवर चढले. आता एक माइक आणि त्यावर दोन पुढाऱ्यांचे हात.

तेवढ्यात बाजाराला आलेल्या गोदाबाई धापा टाकत आल्या. त्यांची सहा वर्षांची नात श्रुतिका गर्दीत हरवली होती. तुमसरच्या गाडीने घरी जायचे, एवढे तिला ठाऊक होते. ती एकटीच गाडीत चढून बसली तर? बाजाराच्या पार पलीकडच्या थांब्यावरून ती बस तीनला सुटणार होती आणि तीन वाजायला दहाच मिनिटे उरली होती.

खेमराजांनी माइक मागितला. पिवळे म्हणाले, जरूर, पण घोषणा आमच्या पक्षातर्फे होईल. जांभळे म्हणाले, वेळ आमची, तर नावही आमचेच. शेवटी दोन्ही नावे घ्यायचे ठरले, आणि आधी कुणाचे यावर पुन्हा जुंपली. एकाने तर मूल हरवल्याचा दोष मागच्या सरकारवर टाकला. तिकडे गाडीने हॉर्न दिला.

गोदाबाई स्टेजपाशी गेल्या. "बापूहो, तिले अजून मत बी नाही देता येत. मंग काहून तिच्यावर भांडून राह्यले?"

कुणी माइक सोडला नाही. तेव्हा खेमराजांनी आवाज वाढवणाऱ्या मशीनमधून त्या माइकची पिन मुकाट्याने काढली, दवंडीचा जुना माइक जोडला आणि गोदाबाईंच्या हाती दिला. स्टेजवरचे दोघे बंद पडलेल्या माइकसाठी ओढाताण करतच राहिले.

"श्रुतिका, मी आजी बोलून राह्यली. गाडीत बसली असशील तं उतर. मी बाभळीखाली उभी आहो."

इतका थरथरता आवाज माझ्यातून कधी गेला नव्हता, आणि इतक्या लांबही गेला नव्हता. सुटलेली गाडी थांबली. कंडक्टर सुखराम श्रुतिकाचे बोट धरून आले. तिने हातातला अर्धा खाल्लेला पेरू आजीपुढे धरला. आजीला रागावता आले नाही.

पुढच्या बाजारी दोन्ही पक्षांनी माझ्यातूनच सांगितले की मुलगी आमच्यामुळे सापडली. ते खोटेही मलाच मोठे करावे लागले.

मित्रांनो, आता माझा आवाज फाटतो. तोंडात कुंभारमाशीने घर केले आहे. ते कुणी काढले, पावसाळ्यात मला उतरवून आत ठेवले, तर मी अजून काही वर्षे वाजेन. पण माझे खरे मागणे वेगळे आहे. उद्या तुमच्याही हातात माइक येईल. बोलण्याआधी एकदा स्टेजखाली पाहा. कुणी धापा टाकत उभे असेल, तर आधी त्याला बोलू द्या.

कटंगीत पिन काढायला खेमराज होते. दिल्लीत ती पिन कुठे असते, मला ठाऊक नाही. ती तुम्ही शोधा.