टिकलीखालचा डाग

आरशाच्या काचेवर सात टिकल्या चिकटवलेल्या होत्या, सहा बारीक आणि एक मोठी. दीप्तीच्या कपाळावर आधी खाज सुटली, मग पांढरा डाग पडला, आणि उद्या चिकोडीचे पाहुणे तिला बघायला निपाणीत येणार होते.

"मोठीच लाव गं. त्यांनी कोड म्हटलं, तर संपलंच," आई काकुळतीला आली.

"कोड न्हाय, आई. टिकलीच्या गोंदाची अ‍ॅलर्जी आहे. झाकायला ही मोठी लावायला लागले, तसा डागही वाढला."

"लई शिकलीस व्हय! कशावरनं?"

दीप्तीनं मोठी टिकली आरशावरून काढून मोजपट्टीवर धरली. तेरा मिलिमीटर. मग तिनं पट्टी कपाळाला लावली. आईनं चष्मा चढवून डाग मोजला.

तेरा.