चौथं कडवं

मुकुंदवाडीच्या ख्रिस्ती मंडळीत दर रविवारी देव नेमका कधी येतो, हे सत्यम साळवेला ठाऊक होतं आणि तेच त्याला आतून खात होतं. शेवटच्या गीताच्या चौथ्या कडव्याला त्याने कीबोर्डवरचं एक बटण दाबलं, की देव येई.

बटण साधंच. बोटं होती तिथंच ठेवायची, बटण दाबायचं, की सगळं गाणं अर्ध्या सुराने वर चढतं. पाच वर्षं तो हेच करत आला होता. पट्टी चढली की पत्र्याच्या हॉलमधल्या दीडशे माणसांचे हात वर जात, बायकांचे पदर डोळ्यांना लागत आणि पाळकसाहेब डोळे मिटून म्हणत, प्रभू आपल्यामध्ये आहे. सुरुवातीला सत्यमलाही तसंच वाटे. मग एका रविवारी गाता गाता त्याचं लक्ष स्वतःच्या बोटाकडे गेलं आणि सगळा घोटाळा झाला.

सत्यम चिकलठाण्याच्या एका कारखान्यात माल तपासायचा. कशाने काय होतं ते कळत नसेल, तर एकेक गोष्ट काढून बघायची, ही तिथली रीत. देवाला ही रीत लावणं काही शहाणपणाचं नव्हतं, पण बिचाऱ्याला दुसरी येत नव्हती. त्याने ठरवलं, या रविवारी बटण दाबायचं नाही. तरीही देव आला, तर गुडघे टेकून माफी मागायची. नाही आला, तर कीबोर्ड पाळकसाहेबांच्या हवाली करायचा आणि पुन्हा इकडे फिरकायचं नाही. तीन वर्षांपूर्वी आई गेली, तेव्हा याच माणसांच्या याच गाण्यांनी त्याला सावरलं होतं. ती सगळी बटणाची करामत निघाली तर?

रविवारी तिसरं कडवं संपलं. दोन कडव्यांच्या मधल्या श्वासात त्याचा डावा हात सवयीने बटणाकडे निघाला. त्याने तो मांडीखाली दाबून धरला.

चौथं कडवं सुरू झालं आणि चतुराबाई वरच्या सुरात चढल्या. चतुराबाई म्हणजे पहिल्या रांगेतल्या आजी, सत्तरी ओलांडलेल्या, कानाने अधू पण गळ्याने खणखणीत. त्यांच्यामागे त्यांची रांग चढली, मग मागच्या रांगा. दीडशे गळे अर्ध्या सुराने वर गेले आणि कीबोर्ड एकटाच खाली राहिला. दोन्ही सूर असे एकमेकांच्या अंगावर आले, की पाळकसाहेबांनी डोळे उघडून पाहिलं.

आता बटण दाबलं असतं तर सगळं जुळलं असतं. पण ते कुणाचं ऐकणं झालं असतं, लोकांचं, सवयीचं की आणखी कुणाचं? सत्यमला काही ठरवता येईना. त्याने कीबोर्डवरचा उजवा हातही उचलला.

गाणं थांबलं नाही. वाद्याशिवाय ते आणखीच मोठं झालं आणि त्यातला एक आवाज दुसऱ्यापासून वेगळा काढता येईना. सत्यमला रडू आलं आणि लगेच स्वतःचा रागही आला. पाच वर्षांच्या सवयीने चढली असतील माणसं, त्यात देवाचं काय? पण मग आपण का गातोय? होय, तोही गात होता, वरच्याच पट्टीत, आणि कधी गायला लागलो ते त्याला आठवत नव्हतं.

उपासना संपल्यावर पाळकसाहेबांनी त्याची पाठ थोपटली. वाद्य थांबवायची कल्पना उत्तम होती म्हणाले. ओशाळलेला सत्यम तडक चतुराबाईंकडे गेला.

"आजी, चौथ्या कडव्याला तुम्ही सूर वर का नेला?"

"म्या कुठं नेला? तिथं आलं की जातोच वर. तुझी ही पेटी नव्हती तवापासून जातो." त्यांनी त्याच्याकडे जरा काळजीने पाहिलं. "तू दर रविवारी आमच्या मागून येतूस. आज का नाय आलास?"

सत्यमचं डोकं चक्रावलं. कानाने अधू बाईच्या बोलण्यावर किती विसंबायचं? तरी तो पाच वर्षांपूर्वीचा पहिला रविवार आठवू लागला. बटण आधी दाबलं होतं, की लोक आधी चढले आणि त्यांना गाठायला त्याने ते दाबलं? काही केल्या आठवेना. आठवली ती आई. दुसऱ्या रांगेत उभी, डोळे मिटलेले, जीव ओतून गाणारी, आणि हात वर. तो हात आधी वर गेला होता की पट्टी?

चतुराबाई पिशवीत बायबल घालून उठल्या.

"पुढच्या रविवारी मागं राहू नगंस."

"नाय राहत, आजी," तो म्हणाला. कीबोर्डवर कापड घालताना त्याच्या ध्यानात आलं, की आपण यायचा शब्द देऊन बसलो.