पितळी बूच

श्यामसुंदर पाटकरांनी खरं तर नाही म्हणायला हवं होतं. तुर्भ्याच्या एमआयडीसीत उभी हयात साचे घडवण्यात गेलेला माणूस; जुन्या हत्यारांची दुरुस्ती हा त्यांचा म्हातारपणीचा नाद. पण आप्पा निकमांनी उपरण्यात गुंडाळलेलं पिस्तूल टेबलावर उघडलं आणि पाटकरांच्या तोंडाला पाणी सुटलं.

चकमकीचं पिस्तूल, पण साधं नव्हे. मूठ आतून पोकळ, तिच्यात दोन कप्पे. एकात बंदुकीची दारू, दुसऱ्यात शिशाच्या गोळ्या. नळीच्या मागे एक पितळी फिरकी. डावीकडचा दांडा फिरवला की फिरकी थोडी दारू आणि एक गोळी उचलून नळीत सोडणार. पुन्हा दांडा, पुन्हा बार, असे ओळीनं सात. असली पिस्तुलं पाटकरांनी फक्त फोटोत पाहिली होती, तीही विलायती. हे मात्र इथल्याच कुणीतरी पाहून पाहून घडवलेलं दिसत होतं.

"सात बारांचं म्हणून बनवून घेतलं आमच्या पूर्वजानं," आप्पा म्हणाले. मूळचे साताऱ्याकडचे, आता बेलापूरला मुलाकडे राहत. "आन् ऐन झटापटीत एक बार उडाला की बंद! पळून जीव वाचवला त्यांनी. मग त्या लबाड कारागिराला गावातनं हाकलला. पन हत्यार सांभाळलंय आमी. दर खंडेनवमीला तेल, हळद-कुंकू, समदं."

"ते दिसतंच आहे," पाटकर म्हणाले. फिरकीभोवती तेला-कुंकवाचा काळातांबडा थर दगडासारखा बसला होता.

"यंदा दसऱ्याला गावात माझा विश्वजित बार काढनार. साती."

शेजारी उभा असलेला मुलगा हसला. "काका, टेन्शन नका घेऊ. तुमी फक्त चालू करून द्या."

पाटकर परवान्याबद्दल काहीतरी पुटपुटले, आप्पा "गावचं गावात बघू" म्हणाले, आणि पाटकरांनी विषय वाढवला नाही. वाढवला असता तर पिस्तूल परत गेलं असतं. नाद वाईट असतो तो असा.

रॉकेलमध्ये भिजवून थर सुटला, फिरकी बाहेर आली. पण मुठीतून फिरकीकडे दारू यायची वाट गच्च बुजलेली होती. पिढ्यान्‌पिढ्यांचं कुंकू, दुसरं काय, असं म्हणत पाटकरांनी हातड्रिल लावलं. भक्तीनंच हत्याराचा जीव घेतला, हे बायकोला ऐकवायचं वाक्यही मनात तयार झालं. तेवढ्यात ड्रिलला चकचकीत पिवळा कीस लागून आला.

त्यांनी ड्रिल खाली ठेवलं आणि भिंग घेतलं. पितळेचं बूच होतं ते. ठोकून बसवलेलं, तोंड कानशीनं सपाट केलेलं, कडेचा जोडसुद्धा बुजवलेला. चुकून अडकलेल्या वस्तूवर कुणी एवढी मेहनत घेत नाही.

मग त्यांनी फिरकीला काजळी फासली, ती जागेवर बसवून फिरवली आणि बाहेर काढली. काजळी एकाच अंगाला पुसली गेली होती. दुसरं अंग कुठे टेकतच नव्हतं. तिथे मूळ कानशीच्या रेघा अजून तशाच होत्या. फट केसाएवढी, पण ठिणगीला तेवढी पुरते. बार उडाला की आग मागे वळणार, थेट मुठीतल्या दारूत.

पाटकरांनी ड्रिल टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला सरकवलं. ते बूच ते स्वतःच्या हातांनी काढायला निघाले होते, आणि दसऱ्याला ती मूठ विश्वजितच्या हातात असणार होती.

त्या कारागिराला फिरकी जमली नव्हती, एवढंच. जमली नाही हे आप्पांच्या पूर्वजाला तोंडावर सांगायची छाती झाली नसेल. म्हणून त्यानं गुपचूप वाट बुजवली, पहिला बार नळीतून भरून दिला आणि पुढची बदनामी आपल्या अंगावर घेतली. पाटकरांना त्याचा राग आला आणि त्याच्या पाया पडावंसंही वाटलं.

बापलेक आले तेव्हा त्यांनी काही लपवलं नाही. फिरकी, फट, बूच, आपण पाडलेलं अर्धवट भोक, सगळं दाखवलं.

विश्वजित हिरमुसला. "मग नवीन फिरकी बनवा ना. तुमच्याकडे तर मशीन आहे."

"बनवता येईल. बनवणार नाही."

आप्पांनी फिरकी हातात घेतली, उजेडाकडे धरली. "ही फट तवापासनं हाय?"

"पहिल्या दिवसापासून."

"म्हंजे त्यानं वाट बुजवली नसती, तर..."

"पहिल्याच बाराला मूठ फुटली असती. हातात."

आप्पांनी फिरकी उपरण्यावर ठेवली. "तवा आमच्या त्या पूर्वजाचं लगीन झालं न्हवतं," ते हळू म्हणाले आणि विश्वजितकडे बघत राहिले. "आमी समदी त्यानंतरची."

मग त्यांनी पिस्तूल पाटकरांपुढे सरकवलं. "बूच परत घट्ट करून द्या. आन् त्याचं नाव कुठंतरी कोरलेलं आसंल की. यंदा पूजेत घेतो."

पाटकरांनी आतून-बाहेरून सगळं पाहिलं होतं. नाव कुठेच नव्हतं. "तुमच्याच घरात कुणाला ठाऊक असेल," ते म्हणाले.

घराण्यातल्या एकूण एक पुरुषाचं नाव आप्पांना ओळीनं पाठ होतं. त्यांनी नकारार्थी मान हलवली.

"लबाडच म्हनत आलो त्याला," ते म्हणाले. "दुसरं नाव आमच्यात कुनी कधी घेतलंच न्हाई."