मागोच्या पोकळीतला म्हातारा

मी एक जुना मागो आहे, ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाकडचं, फुंकून घुमवायचं पोकळ लाकडी वाद्य. परगावचे लोक मला आणि माझ्या पूर्वेकडच्या भावंडांना सरसकट डिजेरिडू म्हणून मोकळे होतात. मित्रांनो, तिथेच चुकतं.

वाळवीने पोखरलेल्या निलगिरीतून मी जन्मलो. आमच्या म्हाताऱ्याने खोड ठोकून पाहिलं, मला कापलं, सोललं आणि तोंडाला मेण लावलं. त्याचं नाव सांगणार नाही. गेलेल्याचं नाव आमच्याकडे घेत नाहीत. मी आखूड, जवळपास सरळ. माझा सूर खाली, एकसारखा घुमतो. पूर्वेकडचा माझा भाऊ यिडाकी लांब, बुडाशी रुंद. तो घुमता घुमता मध्येच तुतारीसारखी हाक मारतो. माझ्या गाण्यांत ती हाक नाही.

म्हातारा गेला तेव्हा मला कापडात गुंडाळून ठेवलं. वर्षाने त्याच्या आत्म्याला त्याच्या कुळाच्या पाणवठ्यावर पोचवायची गाणी ठरली, पण मागो वाजवणारा कोणी उरलाच नव्हता. शेवटी त्याचा पूर्वेकडचा जावई क्लेमेंट पुढे आला.

"जावईबापू, तुमचा भोंगा घरी ठेवून आलात ना?" टिपऱ्या सावरत गवई सायलसने विचारलं.

"एवढाही विश्वास नाही का माझ्यावर?"

"तुमच्यावर आहे हो, तुमच्या ओठांवर नाही!"

भर दुपार होती. दोन गाणी नीट झाली. तिसऱ्यात सवयीने क्लेमेंटचे ओठ आवळले आणि हाक निसटली. टिपऱ्या थांबल्या. पाणवठ्याकडे बघत कुत्री मागे सरकली. मग वाटेवरच्या धुळीत ओली पावलं उमटू लागली, एकेक, आमच्याच दिशेने. माणूस दिसत नव्हता. मी भीतीने गारठलो.

आमच्याकडे सासू जावयाशी बोलत नाही. म्हणून पाठ करून बसलेली विनी, म्हाताऱ्याची बायको, सायलसवरच ओरडली, "सांग त्याला, परत बोलावलंन् त्यांना! पोचत आले होते रे ते!"

पावलं माझ्यापाशी थांबली. क्लेमेंटने तोंड केव्हाच बाजूला घेतलं होतं, तरी माझ्यात श्वास फिरत होता.

तो अजून फिरतो. क्लेमेंट रोज प्लास्टिकच्या पाइपावर हाक गिळायचा सराव करतो. पुढच्या कोरड्या दिवसांत म्हाताऱ्याला पोचवायची गाणी पुन्हा आहेत. विनी माझ्याशेजारी बसून पुटपुटते, "कंटाळलात ना? थोडं थांबा." मला तिची फार दया येते.

मित्रांनो, माझा एखादा जातभाई हाती आला, तर फुंकण्याआधी विचारा, हा कुठला, याची गाणी कोणाची. आणि मला तर मुळीच फुंकू नका. त्या गाण्यांआधी कोणी फुंकलं, की आत थांबलेला म्हातारा परत बोलावलं समजून उठतो.