चंद्रीच्या कानातला पिवळा बिल्ला

मूठभर मीठ.

आभाळात फिरून गेलेले हेलिकॉप्टर.

विभूतीची पुडी.

‘नम्म एम्मे.’

रिकामी दावण.

मित्रांनो, हे एकाच गोष्टीचे तुकडे आहेत. मी एक जुना पिवळा बिल्ला आहे. म्हशीच्या कानात मारतात, तो.

कारखान्यात मला नंबर मिळाला आणि उदगीरजवळच्या एका गावात कान मिळाला. कान चंद्रीचा, चंद्री नागम्माची. मला चिमट्याने बसवले तेव्हा चंद्रीने अशी मान झटकली की डॉक्टर शेणात बसले. नागम्मा मला ‘चंद्रीचा झुमका’ म्हणायची. लस असो, बाजार असो, लोक आधी मला बघत. नागम्माला शेत नव्हते. एकटीचे घर चंद्रीच्या दुधावर चाले.

मग नदी गावात आली. कमरेइतक्या पाण्यात उतरून नागम्माने आधी चंद्रीचे दावे कापले. सुटे जनावर पोहून जाते, हे इथे सगळ्यांना ठाऊक. चंद्री पोहली. पाणी ओसरल्यावर ती पुलाच्या कठड्याला अडकलेली सापडली.

हेलिकॉप्टर आले, गेले. टीव्हीवर मदत जाहीर झाली. पंचनाम्याला कोणी येईना. कुत्री मात्र येऊ लागली.

नागम्माच्या लोकांत माणसाला जाळत नाहीत, पुरतात. तिने चंद्रीलाही तसेच पुरले. खड्ड्यात मीठ टाकले, कपाळाला विभूती लावली. ‘नम्म एम्मे’, आमची म्हैस, म्हणत रडली. मग मला कानातून कापून काढले.

“जाताना तरी सरकारचं ओझं नको, माय.”

नंतर साहेब आले.

“म्हैस कुठंय?”

“पुरली की. ह्यो बघा बिल्ला.”

“हातातला चालत नाही, मावशी. कानात पाहिजे. कानासकट फोटो लागतो.”

शेजारचा बसवराज उसळला. “साहेब, तुमची वाट बघत म्हशीनं सडत पडायचं व्हतं का?”

“नियम मी केला का? उकरा. फोटो काढतो, मदत मंजूर.”

नागम्माने मला मुठीत आवळले. “मातीआडचं उकरायला मी कोल्हं न्हाई, साहेब.”

साहेबांनी लिहिले: जनावर आढळून आले नाही.

आढळले नाही? मग मी इतकी वर्षे कुणाच्या कानात होतो? लस टोचायला चंद्री होती. मोजायला होती. पैसे द्यायची वेळ आली, तेव्हाच ती नाहीशी झाली?

आता मी रिकाम्या दावणीच्या खुंटीला लटकतो. नागम्मा दुसऱ्यांच्या गोठ्यात शेण काढायला जाते. मित्रांनो, तुमच्यातले काही उद्या साहेब होतील. तेव्हा एवढे करा. कुत्र्यांच्या आधी या.

मला बसवले त्याच दिवशी डॉक्टरांनी चंद्रीचा कानासकट फोटो काढून सरकारकडे पाठवला होता.